एका शब्दाचे दोन महिने

सरांच्या वर्गात पहिले दोन महिने एकच शब्द शिकवला जाई. आम्ही कामावरून सुटून, कॉलेज उरकून, काहीजण तर शिरोलीच्या कारखान्यातून हातावरची काळी धूळ न धुता तिथं पोचत असू, आणि सर फळ्यावर रोज तोच शब्द लिहीत. त्याचा अर्थ ‘सगळा’. उच्चार ‘तू’. पुढचं नाम स्त्रीलिंगी असलं की ‘तूत’. अनेकवचनात पुन्हा ‘तू’ आणि पुन्हा ‘तूत’. कानाला दोनच, लिहिताना मात्र चार निरनिराळी रूपं. हा शब्द ज्याला आला त्याला फ्रेंच आलं, असं सर म्हणत. ज्याला आला नाही तो दोन महिन्यांत आपणहून येईनासा होई, आणि सरांना त्याचंही काही वाटत नसे.

वर्ग म्हणजे शिवाजी पेठेत एका पिठाच्या गिरणीवरची पुढची खोली. मागच्या खोलीत सरांचं स्वयंपाकघर, तिथं काकू. खाली गिरणी चालू असल्यामुळं शिकवणं म्हणजे ओरडणंच होतं; पण गिरणी बंद झाल्यावरही सरांचा आवाज खाली येत नसे. गिरणीवाले मामा एकदा वर आले आणि म्हणाले की रोज संध्याकाळी तुम्ही कुणाला एवढं ‘तू तू’ करून भांडताय, गिऱ्हाईक विचारतंय. सरांनी त्यांना बसवून घेतलं आणि अर्धा तास शिकवलं. मामा पुन्हा कधी तक्रार घेऊन आले नाहीत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सरांनी चष्म्यावरून बघून विचारलं, “पावणं, कुठनं आलासा?”

मी सांगितलं की एका कॉलेजच्या ग्रंथालयात असते. फ्रेंच कशाला पाहिजे, या प्रश्नावर मी खरं तेच सांगितलं, की मला वाचायचं आहे, बोलायचं नाही. मला मराठीतसुद्धा फारसं बोलायला आवडत नाही, हे मात्र सांगितलं नाही.

“बरं हाय की,” सर म्हणाले. “इथं बोलायला तरी कोण हाय?”

त्या दिवसापासून मी ‘लायब्ररी’ झाले. सर कुणालाही नावानं हाक मारत नसत. पंपाच्या कारखान्यातला एकजण होता, तो ‘पंप’. बिद्रीहून येणारी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती, ती ‘बिद्री’. तिला शिकायला फ्रान्सला जायचं होतं आणि तिच्या तोंडाला कसलाही बांध नव्हता. सरांनी पहिल्या दिवशी तिला बिद्री म्हटल्यावर ती म्हणाली, “मग तुमाला काय म्हणायचं, गिरणी?” सर इतके हसले की काकू बाहेर येऊन बघून गेल्या.

सर जाऊन आता आठ महिने होतील. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की मला आधी तो शब्दच आठवतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली. तो तसा अवघड नाही. निदान पहिला महिना तरी नाही. सर म्हणत, तुम्हाला तो येतोच, फक्त तो येतोय हे ठाऊक नाही. मग ते आत हाक मारून काकूंना विचारत की आज काय काय संपलं. काकूंना आता सवय झालेली होती. त्या आतूनच म्हणत, सगळा भात संपला, सगळी आमटी संपली, सगळं कालवण संपलं, सगळ्या भाकरी संपल्या. सर आमच्याकडं वळत.

“बघा. शाळेत गेल्या का ह्या त्यासाठी? भात आला की सगळा, आमटी आली की सगळी. त्यांच्यातबी तसंच हाय. उलट आपल्यात तीन लिंगं, त्यांच्यात दोनच. एक कमी शिकायचं, आन रडताय कशाला?”

दुसऱ्या महिन्यात मात्र रडायची वेळ येई. हाच शब्द फ्रेंचमध्ये ‘अगदी’ या अर्थानंही येतो. अगदी लहान, अगदी एकटा. असं झालं की त्यानं खरं तर कुणासाठी बदलू नये. पुल्लिंगी शब्दापुढं तो बदलतही नाही, एक असो वा पन्नास. पण पुढं स्त्रीलिंगी विशेषण आलं आणि ते व्यंजनानं सुरू होत असलं, तर हा बदलतो, शेवटी ई घेतो. स्वरानं सुरू होत असलं, तर पुन्हा जागचा हलत नाही. ऐकायला दोन्हीकडं ‘तूत’च येतं. पंपानं वैतागून विचारलं होतं की मग हा उपद्व्याप कशासाठी.

सरांकडं उत्तर तयार होतं. पुढं स्वर आला की शब्दाच्या शेवटचा मुका टी आपोआप वाजतो. तो वाजलाच आहे, तर वर आणखी ई कशाला घालायचा? व्यंजन आलं की टी वाजत नाही, मग त्याला वाजवायला ई लागतो. “मटेरियल वाया घालवायचं न्हाय,” सर म्हणत. मी पुढं मोठमोठी व्याकरणं चाळली. त्यात याहून जास्त काही सांगितलेलं नाही, फक्त पानं जास्त आहेत.

मग येई एच. फ्रेंचमध्ये एच मुकाच असतो, पण सरांच्या मते मुक्यांच्याही दोन तऱ्हा. एक मुका आणि शहाणा, तो आपण नाहीच असं समजून बाजूला होतो. दुसरा मुका असून दारात आडवा बसतो. त्यामुळं ‘अगदी सुखी बाई’ लिहिताना ई लागत नाही आणि ‘अगदी लाजलेली बाई’ लिहिताना लागतो. हे सर खड्या आवाजात सांगत होते तेव्हा आतून काकूंचा आवाज आला, “सुखी बाई कुठं बगितलासा तुम्ही?” त्या दिवशी पुढं काही शिकवणं झालं नाही.

सगळ्यात शेवटचा धडा सरांचा लाडका होता. ‘ती पोरं अगदी लहान आहेत’ आणि ‘ती पोरं सगळीच लहान आहेत’ ही दोन वाक्यं फ्रेंचमध्ये वेगळी लिहितात, वेगळी बोलतात. पण पोरांच्या जागी पोरी घातल्या की दोन्ही वाक्यं तंतोतंत एक होतात. मग अर्थ कसा कळायचा, असं मी विचारलं. वर्गात मी आपणहून विचारलेला तो बहुधा पहिला प्रश्न. सरांचा चेहरा उजळला. “जाऊन बघून यायचं, लायब्ररी. पोरी किती लहान हायत ते. हितं व्याकरण संपलं, आता चपला घालायच्या.”

सर पेशानं मास्तर नव्हतेच. शिरोलीला एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. लोखंडाची जी वस्तू ओतायची, तिच्यासारखी हुबेहूब वस्तू आधी लाकडात करायची, हे त्यांचं काम. ती वाळूत दाबून काढली की पोकळी उरते, तिच्यात लोखंड ओततात. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी कानावर सुताराची चपटी पेन्सिल असायची. आमच्या वह्यांवर ते बरोबर-चूक अशा खुणा करत नसत. प्रत्येक वाक्यासमोर तीनपैकी एक शब्द लिहीत: पास, रिपेर किंवा भंगार. भंगार वाचून सुरुवातीला फार लागायचं. सर समजावत की भंगार म्हणजे टाकाऊ नव्हे, भट्टीत परत घालायचं.

त्यांची एक लांब पोलादी पट्टी होती, पॅटर्नवाल्यांची. ओतलेलं लोखंड गार होताना आटतं, म्हणून लाकडी वस्तू मूळच्या मापाहून जराशी मोठी करावी लागते. दर वेळी हिशेब नको म्हणून या पट्टीवरचे सेंटिमीटरच मुळात किंचित मोठे आखलेले असतात. सरांच्या हाताला आयुष्यभर तीच पट्टी. वर्गाच्या खिडकीची काच फुटली तेव्हा त्यांनी त्याच पट्टीनं माप घेतलं आणि काचवाल्याला आकडा सांगितला. काचवाल्यानं साध्या टेपनं कापली. काच बसवली तर एका बाजूनं अर्ध्या बोटाची फट. कारखान्यात ज्यांच्या हातून एक मिलिमीटर चुकला नाही त्यांच्या घरी वारा आत येऊ लागला. रस्त्यावरून ट्रक गेला की ती काच वाजे. कुणी तिकडं बघितलं तर सर गंभीरपणे सांगत, “पट्टी बरोबर हाय. काच आटली.”

ही आट त्यांनी सगळीकडं लावली होती. माणूसही आटतो, असं त्यांचं मत. घरी दहा वाक्यं येत असतील तर चारचौघांत सहाच येतात, परीक्षेत चार. म्हणून शिकताना मोठं शिकायचं. एका पायरीच्या परीक्षेला बसणाऱ्याकडून ते पुढच्या पायरीची तयारी करून घेत. दहा मिनिटं बोलायचं असेल तर चाळीस मिनिटांचं भाषण पाठ. त्यांचे विद्यार्थी नापास होत नसत. कितीतरी जण फ्रान्सला गेले, कारखान्यांत लागले, तिकडून दिवाळीला फोन करत. सर फोनवर त्यांच्याशी मराठीतच बोलत.

ते फ्रेंच शिकले कसे, ही गोष्ट ते वर्षातून एकदाच सांगत, तीही नव्या लोकांना. फाउंड्रीत एक जुनं, वापरलेलं मशीन फ्रान्सहून आलं होतं, बरोबर एक जाड माहितीपुस्तक, सगळं फ्रेंचमध्ये. मालकांनी ते सरांकडं दिलं, कारण सरांना ड्रॉइंग वाचता येत असे, तेव्हा हेही येईल असं मालकांना वाटलं. सरांनी एक छोटा शब्दकोश मिळवला. पुस्तकात आवळायच्या बोल्टांआधी एक शब्द होता. स्क्रूंआधी तसलाच, पण शेपूट वेगळं. पुढच्या पानावर आणखी दोन तऱ्हा. शब्दकोशात चारपैकी एकच. सरांना वाटलं, हा मालाचा प्रकार आहे, एकाच नगाच्या चार साइझ. त्यांनी कपाटातले बोल्ट मोजून बघितले, कुठली साइझ कुठली ते लावायला. दीड महिना. शेवटी कळलं की चारींचा अर्थ ‘सगळे’ एवढाच आहे, आणि त्या लोकांत बोल्ट पुरुष आहे आणि स्क्रू बाई.

या गोष्टीवर आम्ही हसत असू. तिचा पुढचा भाग ते हसत हसत सांगत नसत. त्या शब्दाला ते दोन वर्षं ‘टाउट’ म्हणत होते. छापलेलं वाचून म्हणायचं, ऐकवणार कोण? मग कुणीतरी मुंबईहून भाषा शिकायच्या कॅसेट आणल्या आणि पहिल्याच कॅसेटमध्ये बाई म्हणाली, ‘तू’. सरांनी ती कॅसेट बंद केली आणि आठवडाभर लावली नाही.

काकू मात्र त्याहून चांगली गोष्ट सांगत, सर बाहेर गेलेले असताना. काही वर्षांनी फाउंड्रीत नवं मशीन आलं आणि ते बसवायला एक फ्रेंच माणूस आठ दिवसांसाठी येणार होता. मालकांनी सगळ्या शिरोलीत सांगून ठेवलं की आमच्याकडं फ्रेंच बोलणारा माणूस आहे. तो यायच्या दिवशी सर डबा घेऊन सायकलवर बसले आणि शिरोलीला न जाता थेट काकूंच्या माहेरी गेले.

“आठ दीस गुऱ्हाळावर बसून ऱ्हायले,” काकू सांगत. “माझ्या भावाला म्हणाले, हवापालट. काकवी खाऊन खाऊन पोट बिघडलं. हिकडं मालकांनी त्या गोऱ्याला सांगितलं, आमच्या माणसाला टायफॉइड झालाय. त्यानं जुन्या पुस्तकावर ह्यांनी पेन्सिलीनं लिवलेलं बगितलं आन विचारलं म्हणं, ह्यो माणूस कोण हाय, मला भेटायचंय. न्हाय भेटले. आल्यावर मला म्हणत्यात, मी तयार न्हवतो.”

म्हणजे सरांनी शेकडो लोकांना फ्रेंच बोलायला शिकवलं आणि स्वतः ते एकाही फ्रेंच माणसाशी बोलले नव्हते. मला हे कळायला दोन वर्षं लागली. बिद्रीला एका संध्याकाळी कळलं.

तिच्या परीक्षेला महिना उरला होता. फ्रेंचच्या त्या प्रमाणपत्राची परीक्षा पुण्याला होते, तिच्यात तोंडी असते, आणि तोंडीचे परीक्षक फ्रेंच असतात. सर वर्गात तिची तोंडी घेत होते आणि तिच्या दर वाक्याला रिपेर म्हणत होते. नवव्या-दहाव्या रिपेरला ती थांबली.

“सर, आमची सगळ्यांची तोंडी तुम्ही घेताय. तुमची कुणी घेतली?”

सरांनी फळा पुसायला घेतला. पाच मिनिटांनी त्यांनी वर्ग सोडला. घड्याळात सव्वासात झाले होते, वर्ग आठपर्यंत असे.

मी वह्या गोळा करायला मागं राहिले होते. सर खिडकीशी उभे होते. मला वाटलं ते बिद्रीवर रागावले आहेत. ते म्हणाले, “लायब्ररी, तुम्ही वाचलेलं हाय. एक विचारतो. हे मी जे बोलतोय, ते फ्रेंच हाय का? का माझं मीच कायतरी बनवलंय?”

मी म्हटलं, सर, तुमचे विद्यार्थी तिकडं राहतात, काम करतात.

“ती तिकडं जाऊन नव्यानं शिकली असतील. मला वाईट वाटू नये म्हणून सांगत न्हाईत.” मग मी मोबाईलवरच्या फ्रेंच व्हिडिओंचं काढलं. सर रोज दोन तास ते ऐकत, त्यांना सगळं कळत असे. “त्यांचं मी ऐकतोय. माझं त्यांनी कुठं ऐकलंय? दोन वर्षं टाउट म्हणत हुतो. कुणी टोकलं न्हाय, कारण कुणाला ठावंच न्हवतं. आताबी कुणी टोकत न्हाय.”

गिरणी बंद झाली होती. एवढ्या शांततेत एवढं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी वह्या रचून ठेवल्या आणि घरी गेले. बोलणं मला जमत नाही, हे मी वर सांगितलंच आहे. दुसऱ्या दिवशी मात्र मी कुणाला सांगू नये असं सगळं बिद्रीला सांगून टाकलं.

बिद्रीनं काय केलं, तर काकूंकडून सरांचं आधार कार्ड आणि एक फोटो मागून घेतला आणि सरांचा फॉर्म भरला. तिच्याच परीक्षेला, तिच्याच दिवशी. छापील कागद त्यांच्या हातात देताना ती म्हणाली, “किती वर्षं लाकूड घासत बसणार सर? आता लोखंड वता की.”

सर चार दिवस फ्रेंच बोलले नाहीत. वर्ग घेतला, पण मराठीत; फळ्यावर फ्रेंच लिहीत आणि ते वाचायला पंपाला सांगत. काकूंनी सांगितलं की घरी तर कुठल्याच भाषेत बोलत नाहीत, जेवताना मीठसुद्धा न मागता उठून घेतात. पाचव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की ते परीक्षेला बसतील, पण लायब्ररी बसत असेल तर. मी म्हटलं, मला बोलायचं नाही, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. सर म्हणाले, “मलाबी न्हाय बोलायचं. चला दोघं मिळून न्हाय बोलायला जाऊ.” बिद्रीनं माझाही फॉर्म भरला.

सर ती परीक्षा पास झाले, हे इथंच सांगून टाकते, कारण लोक तेवढंच विचारतात. मीही झाले, काठावर. बिद्री आता तिकडंच असते. सर गेले त्या दिवशी तिनं काकूंना फोन केला होता. प्रमाणपत्र कपाटात आहे. ते आलं तेव्हा सरांनी त्याचा कागद बोटांत धरून जाडी बघितली आणि काकूंकडं दिलं.

पुण्याला जायच्या दिवशी सरांनी वेळेतही आट धरली. परीक्षा दुपारी होती. आम्ही पहाटेच्या एसटीनं निघून साडेनऊला दारात. समोरच्या कट्ट्यावर बसून काकूंनी दिलेल्या भाकरी, झुणका आणि ठेचा खाल्ला. सर ओठ हलवत भाषण म्हणत होते. आपल्या कामावर बोलायचं असा विषय येतो हे आम्हाला माहीत होतं, तेव्हा त्यांनी पॅटर्नमेकिंगवर चाळीस मिनिटांचं भाषण केलं होतं. आम्हाला ऐकून ऐकून ते पाठ झालं होतं.

बारानंतर इतर लोक जमू लागले. बहुतेक सगळी अठरा-वीस वर्षांची मुलं, बरोबर आई-वडील. दार उघडल्यावर आम्ही रांगेत गेलो तर वॉचमननं सरांसमोर हात आडवा केला आणि पालकांनी बाहेर थांबायचं म्हणून सांगितलं.

सर लगेच बाजूला झाले. “बरोबर हाय त्यांचं,” ते आम्हाला म्हणाले. “तुम्ही जावा. मी हितं बसतो.” आणि खरोखरच कट्ट्याकडं वळले. त्यांची पाठ बघून मला काकूंच्या माहेरचं गुऱ्हाळ दिसलं. बिद्री आत गेली होती. मागं लोक ढकलत होते. मी सरांच्या पिशवीतून त्यांचा प्रवेशाचा कागद काढला, वॉचमनच्या तोंडासमोर धरला आणि मोठ्यानं म्हटलं, “हे पालक नाहीत. परीक्षेला बसलेत.” रांगेतले सगळे वळून बघू लागले. वॉचमननं कागद बघितला, सरांचा चेहरा बघितला, पुन्हा कागद बघितला आणि म्हणाला, “बसा की मग, काका. मी कुठं नको म्हणतोय?”

लेखी परीक्षेची सरांना भीती नव्हती. ती आटोपून आम्ही वरच्या मजल्यावर एका बाकावर बसलो. समोर लाकडी दार, आत परीक्षक बाई. बिद्री जाऊन आली, फुशारलेली. मी जाऊन आले. मी नऊ वाक्यं बोलले, मोजून. बाई चांगल्या होत्या, आम्हा दोघींनाही मध्ये न अडवता ऐकत होत्या. मग सरांचं नाव पुकारलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि आत गेले. दार लागलं.

त्यांचा आवाज दाराला काय थांबणार. नमस्कार ऐकू आला, मग भाषणाचं पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. बिद्री ओठांनी बरोबर म्हणत होती. तिसऱ्या वाक्याच्या मधोमध आवाज थांबला. बाई काहीतरी बोलल्या. त्यानंतर काहीच नाही.

बिद्रीनं माझं मनगट धरलं. “इचारलं तिनं कायतरी,” ती कुजबुजली. “ह्येची तयारीच केली न्हाय की आमी.” चाळीस मिनिटांचं भाषण तयार होतं, त्यात कुणी मध्ये बोलेल हे आमच्यातल्या कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. सर शिकवत आणि आम्ही ऐकत असू. सरांना मध्येच कोण विचारणार?

मग सरांचा आवाज आला, खाली, चाचपडत. बाईंचा आवाज. पुन्हा सरांचा, जरा वर. पुन्हा बाई, आणि या वेळी त्या मध्येच बोलल्या होत्या, सर थांबले आणि तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणाले. खुर्ची सरकली. हळूहळू सरांचा आवाज गिरणीवरच्या पट्टीत आला. पुढच्या मुलाची आई घड्याळ बघून उसासे टाकू लागली. आत बाई हसल्या. दहा मिनिटांची तोंडी पंचवीस मिनिटांनी संपली.

सर बाहेर आले ते पेन्सिल हातात घेऊनच. त्यांनी बाईंच्या कागदावर वाळूची पेटी आणि लाकडी पॅटर्न काढून दाखवला होता आणि बाईंनी तो कागद ठेवून घेतला होता. ते बाकावर बसले, बाटलीतलं सगळं पाणी प्याले. बिद्रीनं दोनदा विचारलं, काय झालं.

“आडवलं तिनं मला. तिसऱ्या वाक्याला.” सर दम घेत म्हणाले. “मग एक चूक काढली माझी.”

बिद्री म्हणाली की जाऊ दे सर, एवढ्यातेवढ्यानं कुणी नापास करत नाही. सरांनी तिच्याकडं बघितलं. एवढं शिकवूनही हिला काही कळलं नाही, असं ते बघणं होतं.

“अगं, कळल्याबिगर कुणी चूक काढतंय व्हय?”

परतीची गाडी संध्याकाळची मिळाली. कोल्हापूर आगाराची होती. सर पुढं, कंडक्टरच्या शेजारच्या बाकावर बसले, आम्ही मागं. तिकिटं फाडून होईपर्यंत ते कसेबसे थांबले आणि मग त्यांनी कंडक्टरला, न विचारताच, सांगितलं की आज पुण्यात एका फ्रेंच बाईनं त्यांची चूक काढली.

कंडक्टर आमच्याकडचाच माणूस. त्यानं सरांच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं.

“आन तुम्ही ऐकून घेतलासा?”

“घेतलं की,” सर म्हणाले. “परत एकदा सांगा म्हटलं.”